कंट्रोलरसाहेब आणि सर्व्हरवरची इर्जिक

कंट्रोलरसाहेबांनी उभ्या आयुष्यात कुठलीच गोष्ट 'पाठवली' नाही. त्यांच्या लेखी गोष्टी एक तर सुटायच्या, नाहीतर पोचायच्या. चहा सांगितला की खिडकीतून खाली वाकून विचारायचे, "सुटला का?" आणि कप टेबलावर टेकला की स्वतःशीच म्हणायचे, "पोचला." लेक बाळंत झाली तेव्हा जावयाचा फोन आला, तर यांनी मुलगा की मुलगी हे विचारायच्या आधी "वेळेवर पोचलं का?" असं विचारलं, हे त्यांच्या घरचेच सांगतात.

त्यांची हयात एसटीत गेली. भोरच्या स्टँडात वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाल्यावर तिथली खुर्ची सुटली, बाकी काही सुटलं नाही. गळ्यात शिट्टी तशीच. चालताना मध्येच थांबून उजवा हात वर करायची सवयही तशीच. मागून येणारा बिचारा त्यांच्या पाठीवर आदळायचा. माणसांना ते नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "हिर्डोशी आली का?" "विंझर, आत या, दारात उभं राहू नका." आता मी भोरचाच, आणि भोर म्हणून हाक मारली असती तर अर्धा बाजार वळून बघितला असता. म्हणून त्यांनी माझं नाव ठेवलं 'मुक्कामी'. पुण्यातली नोकरी गेल्यावर मी गावी येऊन राहिलो होतो, रात्री वस्तीला थांबणाऱ्या एसटीसारखा. सकाळी सुटेल अशी घरच्यांना आशा होती. सुटली नाही.

निवृत्तीनंतर साहेब एका शेतकरी गटाचे सेक्रेटरी झाले. हिर्डोशीकडची डोंगरातली काही घरं आणि वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या विंझरची काही घरं, मिळून हा गट. तांदूळ आणि नाचणी पिकवायची, रासायनिक खत घालायचं नाही, फवारणी करायची नाही. असं तीन वर्षं केलं की सेंद्रिय म्हणून प्रमाणपत्र मिळणार, आणि मग नसरापूरच्या हायवेवर तांदळाला बरा भाव. पण नुसतं करून भागत नव्हतं, दाखवावं लागत होतं. प्रत्येक खाचराचा दर पंधरवड्याला फोटो, त्याच बांधावरून, त्याच कोपऱ्यातून. तपासणीसानं मागितले आणि दाखवता आले नाहीत, तर वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

सुरुवातीला हे फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर यायचे. शुभ सकाळच्या गुलाबांमध्ये भाताची खाचरं शोधता शोधता साहेब वैतागले. "ह्यो काय स्टँड हाय? गाड्या आणि गाढवं एकाच फलाटावर!" मग कुणीतरी सुचवलं की आपला स्वतःचा सर्व्हर करा. गावोगावची माणसं मोबाईलवरून फाईली त्यात टाकतील, भोरला सगळं एका जागी जमेल. आणि असा सर्व्हर कोण करून देईल, असं विचारल्यावर मी हात वर केला.

मी आयुष्यात सर्व्हर केलेला नव्हता. पण ज्यानं केलाय त्याच्या शेजारच्या टेबलावर मी पुण्यात दोन वर्षं बसलो होतो, आणि तेवढा अनुभव मला पुरेसा वाटला.

गटाचं ऑफिस पिठाच्या गिरणीच्या माडीवर होतं. जुना कॉम्प्युटर आणला, तांदळाच्या उपड्या पिंपावर ठेवला. चार दिवस मी व्हिडिओ बघून बघून काय काय दाबत होतो, आणि पाचव्या दिवशी चमत्कार झाला. माझ्या मोबाईलवरून फोटो टाकला, तो कॉम्प्युटरमध्ये उमटला! साहेबांनी नारळ फोडला, खालच्या गिरणीवाल्यालासुद्धा पेढा दिला, आणि हिर्डोशीला फोन लावला, "टाका." तिकडून काहीच येईना. विंझरहून येईना. मी घामाघूम. संध्याकाळी उलगडा झाला, की माझा सर्व्हर फक्त त्या खोलीच्या वायफायवरच चालत होता. खोलीबाहेरच्या जगाला त्याचा पत्ताच नव्हता.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे मुक्कामी," ते म्हणाले, "तुमची गाडी स्टँडातल्या स्टँडातच फिरते."

"तसं म्हणता येईल."

"पाशिंजर कोण?"

"मीच."

"झ्याक," ते म्हणाले आणि उरलेले पेढे कपाटात ठेवून कुलूप लावलं.

पुढं आठवडाभरात मी बाहेरचं दार कसंबसं उघडलं आणि गाड्या येऊ लागल्या. मग प्रश्न आला तो कुणाला काय करू द्यायचं याचा. मी बरीच तयारी करून साहेबांना समजावलं. प्रत्येक माणसाचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. हिर्डोशीनं हिर्डोशीच्या खणात, म्हणजे फोल्डरमध्ये, टाकायचं, विंझरनं विंझरच्या. दुसऱ्याच्या खणाला हात लावता येणार नाही.

साहेबांना हे पटेना. "एका गाडीला किती दारं असत्यात? एक. सगळी त्यातनंच चढत्यात ना? जातवार, गाववार दारं करायची का आता?"

"साहेब, हे सुरक्षेसाठी असतं."

"आपल्या माणसापास्नं कसली सुरक्षा? एक नाव, एक किल्ली, सगळ्यांची. तीन वर्सं एकमेकाच्या भरवशावर शेती करायचीये, आणि तुमी खणाला कुलपं लावताय!"

वाद घालता आला असता. पण एकच नाव करणं हे पाच मिनिटांचं काम होतं आणि वेगवेगळी नावं करणं हे मला नीट येत नव्हतं. मी लगेच त्यांच्या थोर विचारांपुढे मान तुकवली. सगळ्यांना एक नाव, एक पासवर्ड, आणि टाकायचे, वाचायचे, पुसायचे सगळे अधिकार. साहेबांनी तो पासवर्ड फोनवर गावोगाव कळवला. स्टँडात गाडी पुकारायच्या आवाजात, तीनतीनदा. दुसऱ्या दिवशी चहावाला कप ठेवताना म्हणाला, "पासवर्डात शेवटी आकडे हायेत ना? गिऱ्हाईक विचारत व्हतं."

साहेबांचं आणखी एक खूळ होतं. संध्याकाळी सहाला ते सर्व्हर बंद करायचे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओरडलोच, "साहेब, सर्व्हर कधी बंद करत नाहीत! जगात कुठंच करत नाहीत!"

"सहानंतर हिर्डोशीला गाडी हाय का?"

"नाही."

"मग स्टँड कुणासाठी उघडा ठिवायचा?" असं म्हणून ते बटण दाबायचे आणि मशीनवर टॉवेल टाकायचे. पीठ बसू नये म्हणून.

याच काळात मला गटातली दोन माणसं नीट कळली. हिर्डोशीकडचे फोटो सुमनताई टाकायच्या. त्यांच्या वस्तीत मोबाईलला रेंज नव्हती. पंधरा दिवसांचे फोटो काढून त्या वरंधा घाटाच्या बाजूच्या टेकाडावर चढायच्या, आणि तिथं एका आवळ्याच्या झाडाखाली उभं राहिलं की फाईली सुटायच्या. ऑफिसात आल्या की "जयभीम साहेब" म्हणायच्या, आणि साहेब "जयभीम, गाडी वेळेवर व्हती का?" हे एकाच श्वासात म्हणायचे. वस्तीतल्या घरांना खताची गोणी आणू नका म्हणून ताईंनीच गळ घातली होती. पहिल्या वर्षी भाताचा उतारा घटला तेव्हा लोकांचे शब्दही त्यांनीच ऐकले होते.

विंझरचे बबनराव म्हणजे दुसऱ्या टोकाचा माणूस. रस्त्याकडेला त्यांचं छोटं दुकान, आणि टापटीप अशी की बरणीतली बिस्किटंसुद्धा एका तोंडानं. मीटिंगला आले की आधी दारातल्या सगळ्यांच्या चपला जोडीनं लावायचे, मग आत यायचे. मीटिंग संपल्यावर मला माझी चप्पल कधीच सापडायची नाही, कारण ती मी टाकली तिथं नसायची.

तिसरं वर्ष संपत आलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तपासणी ठरली, शेवटची. आणि नवरात्रात सर्व्हरची जागा भरली. फोटोंच्या जोडीनं त्यात बबनरावांच्या पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ होता, कुणीतरी टाकलेली आख्खी भजनं होती आणि गुलाबही परत आलेच होते. मी ग्रुपवर संदेश टाकला: 'दसऱ्याआधी सर्वांनी मिळून सर्व्हरची साफसफाई करून घ्यावी.' वर हात जोडल्याचं चित्र. मला या वाक्याचा अभिमान वाटला होता. साधं, सोपं, लोकांच्या भाषेत.

अष्टमीला सुमनताई बाजाराला भोरला आल्या आणि माडी चढून वर आल्या.

"दादा, साफसफाई करायची हाय. जरा बसू का मशीनवर?"

"बसा ताई, बसा!" मी खुर्चीसुद्धा पुसून दिली. त्यांनी डब्यातून नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी आणली होती. मी डबा घेऊन गॅलरीत बसलो. ताई आत मान खाली घालून टिचकी मारत होत्या, आणि मी बाहेर भाकरीचा पापुद्रा उचलत होतो. आपण माणसांना केवढं शिकवलं, असा विचार मनात आल्याचं मला लख्ख आठवतं. ताई गेल्या. सहा वाजले. साहेबांनी मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तपासणीसासाठी सगळे फोटो एका डिस्कवर उतरवून घ्यावेत म्हणून मी सकाळी ऑफिसात गेलो, तर सर्व्हर ओळखू येईना. मशीनला पाच बोटं हळदीकुंकू, वर झेंडूची माळ, स्क्रीनवर स्वस्तिक. समोर पाटावर साहेबांची शिट्टी, तिकिटाचा जुना चिमटा, माझा स्क्रूड्रायव्हर आणि गिरणीवाल्याचा पाना. विजेची वायर काढून, गुंडाळून, लाल दोऱ्यानं बांधून मशीनवर ठेवलेली.

"साहेब, मला जरा फोटो काढून घ्यायचेत."

"उद्या संध्याकाळी. सोनं लुटून झालं की."

मी कुरकुरत खुर्चीत बसलो, तेवढ्यात बबनराव पिशवीभर झेंडू घेऊन आले. दारातल्या चपला लावल्या, मशीनला नमस्कार केला, आणि कौतुकानं माझ्याकडं बघत म्हणाले, "कसा लख्ख झाला न्हाई सर्व्हर? हिर्डोशीच्या ताईंचं सगळं म्या झाडून दिलं, सर. काल दुपारी, दुकानातनं. तिकडं रेंज न्हाई, त्या बिचाऱ्या टेकाडावर उभ्या राहून कवा करायच्या?"

"झाडून दिलं म्हणजे?"

"अवो, एकेका खाचराचं ढीगभर फोटू. त्येच खाचर, त्योच बांध, त्येच झाड. एकेक चांगला ठिवला, बाकीचं काढलं."

मी खुर्चीतून अर्धा उठलो. पण मी हसलो. कारण मी काही कच्चा गडी नव्हतो. मी सगळ्या फोटोंची दुसरी प्रत करून ठेवली होती. "काही हरकत नाही," मी म्हणालो, "बॅकअप आहे आपल्याकडं."

"व्हय की! बॅकअप नावाचा एक खण व्हता. उघडून बघतो, तर हेच समदं परत! त्यो तर पयला काढला."

आता सांगायला हरकत नाही. दुसरी प्रत मी त्याच मशीनमध्ये, त्याच डिस्कवर, त्याच सगळ्यांच्या पासवर्डाखाली ठेवली होती. घराची जादा किल्ली घरातच खुंटीला लावून बाहेर पडावं तसं. आणि लांबून पुसलेली फाईल कचऱ्याच्या डब्यातही पडत नाही, थेट जाते.

"निदान विंझरचे तरी आहेत ना?" माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"ते ताईंनी केलं की काल. म्या फोन केला, म्हणलं ताई, तुमचं झालं. तर म्हणल्या, मग तुमचं मी करते, मशीनवरचा कचऱ्याचा डबा बी रिकामा करते. इर्जिक म्हणल्यावर फेड नको का?"

इर्जिक आमच्याकडं अजून चालते. लावणीला, कापणीला सगळ्यांनी मिळून एकाच्या शेतात राबायचं, मग त्यानं बाकीच्यांच्या शेतात. मजुरी नाही, जेवण तेवढं. माझं 'सर्वांनी मिळून साफसफाई' वाचून या दोघांनी सर्व्हरवर इर्जिक घातली होती. आपलं आपण कोण झाडतं? शेजाऱ्याचं आधी. तीन वर्षांची दोन गावांची शेती त्यांनी एकमेकांवरच्या मायेनं पुसून टाकली होती.

"पण बबनराव, परवा तपासणी आहे! तेच फोटो दाखवायचेत!"

बबनरावांचा चेहरा उतरला. "पर साहेबच तर फोनवर म्हणायचे ना, पोचलं म्हणून? म्हणलं, पोचलं म्हंजे तिकडं सरकारात पोचलं. मोबाईलमधलं बी आमी तवाच पुसत आलो. मग पोचलेली गाडी फलाटावर कशाला उभी ठिवायची?"

मी मशीनकडं झेपावलो. वायरीचा लाल दोरा दातानं तोडायला घेतला, तोवर साहेब मध्ये आले. उजवा हात वर.

"मुक्कामी, थांबा."

"साहेब, सगळं गेलंय!"

"गेलंय ना? मग गेलेल्या गाडीमागं पळून काय व्हनार?"

"निदान चालू करून बघू तरी द्या!"

"आज नवमी हाय. वर्सातला एक दिस अवजाराचा. स्टँडात असताना म्या खंडेनवमीला शिट्टी फुंकली न्हाई कधी. दिवसभर हातवारं करून गाड्या सोडल्या. डेपो मॅनेजर बोंबलला, तरी न्हाई फुंकली."

"ही शिट्टी नाही हो साहेब! इथं लोकांची तीन वर्षं चाललीत पाण्यात!"

"मला म्हाईत न्हाई व्हय?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, आणि वर केलेला हातही खाली आला नव्हता. "तरी बी आज न्हाई."

त्या क्षणी मी त्यांना मनातल्या मनात जे काय म्हणालो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. जिन्यात येऊन पुण्यातल्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. तोच, शेजारच्या टेबलावरचा. आता त्याचं बिघडलेल्या डिस्का दुरुस्त करायचं दुकान होतं. मी रडत रडत सगळं सांगितलं.

"मशीन चालू आहे?" त्यानं विचारलं.

"नाही."

"कधीपासून?"

"काल संध्याकाळी सहापासून. ताईंनी पुसलं आणि लगेच बंद झालं."

"नंतर चालू केलंस?"

"करू देत नाहीयेत."

"कोण?"

"आमचे सेक्रेटरी. पूजेला मांडलंय."

मग तो म्हणाला, "आधी आत जा आणि त्यांच्या पाया पड."

मग त्यानं समजावलं. पुसलेली फाईल लगेच जात नाही. तिची जागा रिकामी, एवढी नुसती नोंद होते. वर नवीन काही येऊन बसेपर्यंत जुनं खाली तसंच असतं. मशीन चालू केलं असतं, तर दोन्ही गावांच्या मोबाईलमधून नवे फोटो धडाधड आले असते, आणि बरोबर त्या रिकाम्या जागी बसले असते. "शिवाय तू काय करणार होतास, चालू करून?" त्यानं विचारलं.

"फाईली परत आणायचं एक सॉफ्टवेअर असतं ना, ते त्यातच उतरवून घेणार होतो."

"म्हणजे उरलंसुरलंही गाडून टाकणार होतास. मशीन तसंच घेऊन ये उद्या दुपारी. माझीपण हत्यारं आज पूजेत आहेत. येईल असं वाटतं, पण शब्द देत नाही."

मी आत गेलो आणि साहेबांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांना वाटलं, पोरगं नवमीचा नमस्कार करतंय. त्यांनी मला झेंडूचं फूल दिलं.

आता सुमनताईंना सांगायचं होतं. त्या टेकाडावर असतील तेव्हाच फोन लागायचा, तो दुपारी लागला. मी सांगितलं.

"वस्तीत एका बी घरानं गोणी आणली न्हाई, दादा," त्या म्हणाल्या. "माज्या शब्दावर. आता म्या त्यांना काय सांगू? पुन्ना पहिलीपासनं बसा?"

"येतील ताई परत. बहुतेक."

"आणि म्या बी विंझरचं पुसलं की वो! ह्या हातानं. भाकरी खाऊ घालून." मग फोन ठेवता ठेवता, "बबनभाऊंना बोलू नका काय. त्यांनी मायेनं केलं."

दसऱ्याच्या दिवशी दुपारी मी आणि साहेब मशीन घेऊन एसटीत बसलो. सकाळीच निघू म्हणालो तर साहेब म्हणाले, घरची पूजा झाल्याशिवाय नाही. पण मशीन गावाबाहेर नेण्याबद्दल त्यांची काहीच हरकत नव्हती. "चालू करायचं न्हाई, एवढंच. दसऱ्याला शीव ओलांडायचीच असती." माळेसकट, हळदीकुंकवासकट त्यांनी ते मांडीवर घेतलं. कंडक्टर त्यांच्या हाताखाली तयार झालेला. म्हणाला, "साहेब, ह्या पाव्हण्याचं तिकीट?"

"अर्धं," साहेब म्हणाले आणि खरंच काढलं. भोरची हद्द संपली तेव्हा खिशातून आपट्याचं पान काढून माळेत खोवलं. मी मात्र कात्रजचा बोगदा येईपर्यंत डोळे मिटून होतो. दर खड्ड्याला मला एक खाचर गेल्यासारखं वाटत होतं.

दुकानात मित्रानं डिस्क बाहेर काढली, आपल्या मशीनला जोडली आणि आम्हाला बसायला सांगितलं. स्क्रीनवर एक पट्टी हळूहळू सरकत होती. साहेब त्या पट्टीकडं असे बघत होते, जसे घाटातून येणाऱ्या गाडीचे दिवे बघावेत. मग पहिला फोटो उमटला. आवळ्याचं झाड. मग खाचर, नुसत्या चिखलाचं. मग तेच खाचर, हिरवं. मग एक शेळी, आणि तिला हाकलणारा ताईंचा हात. मग विंझर. मग परत खाचर, त्याच कोपऱ्यातून. मग लग्नाचा व्हिडिओही आला, त्याला कोण अडवणार!

मी मित्राला मिठी मारली. साहेब खिडकीकडं तोंड करून उभे राहिले होते. तिकडूनच म्हणाले, "मुक्कामी, टेकाडावर फोन लागतो का बघा. सणाचं ती माणसं उपाशी बसली असतील." थोडे फोटो अर्धेमुर्धे आले, काहींची नुसती करडी चौकट आली. पण दर खाचराचा दर पंधरवड्याचा एखादा तरी धड होता, आणि तेवढं पुरणार होतं.

तिथंच बसून, मित्राला विचारत विचारत, मी तीन वर्षांपूर्वी करायचं काम केलं. वेगळी डिस्क, घरी ठेवायची वेगळी प्रत, आणि प्रत्येकाचं वेगळं नाव. साहेबांना वाटलं, परत कुलपं आली. मी म्हणालो, कुलूप नाही साहेब, सगळ्यांनी सगळं बघायचं. आपापल्या खणात टाकायचं. फक्त पुसायचं नाही कुणी.

त्यांनी विचार केला. "चढायला सगळ्यांना मोकळीक, पर कुणी कुणाला उतरवायचं न्हाई."

"बरोबर."

"मग ते आधीच तसं सांगायचं ना! म्या कशाला न्हाई म्हणलं असतं?"

मी मान डोलावली. नवमीपासून माझा बोलण्याचा हक्क तसाही गेला होता.

दुसऱ्या दिवशी तपासणीस हिर्डोशीला आला. तरुण माणूस, कडक. लॅपटॉप घेऊन बांधावर उभा राहिला, फोटो बघायचा, मान वर करून खाचर बघायचा, माती चिमटीत घ्यायचा. ताई दोन पावलं मागं, पदर घट्ट धरून. त्यांच्यामागं वस्तीतली माणसं, आणि सगळ्यात मागं बबनराव. ते न बोलावता विंझरहून तीन गाड्या बदलून आले होते.

"ह्या फाईली पुसायचा अधिकार कुणाकुणाला आहे?" तपासणीसानं विचारलं.

मी खोकलो. बबनराव झाडाआड सरकले.

"कुणालाच न्हाई," साहेब ताठ उभं राहून म्हणाले.

"असं? फार चांगलं. कधीपासून?"

खोटं बोलणं साहेबांना जमत नसे. त्यांच्या तोंडून गाडीची वेळसुद्धा कधी चुकीची गेली नव्हती. "कालपासनं," ते म्हणाले.

तपासणीस त्यांच्याकडं बघत राहिला, मग हसला, आणि पुढच्या खाचराकडं वळला. संध्याकाळी जाताना ताईंना म्हणाला, "काम स्वच्छ आहे तुमचं." ताईंनी "व्हय" म्हटलं आणि त्या वस्तीतल्या माणसांकडं वळल्या.

प्रमाणपत्र आलं तेव्हा भात कापणीला आलं होतं. कागदावर दोन्ही गावांची नावं होती. बबनरावांनी विंझरची सगळी माणसं टेम्पोत घातली आणि हिर्डोशीला नेली, ताईंचं भात कापायला. खरीखुरी इर्जिक. मलाही बोलावलं होतं. साहेब बांधावर उभं राहून कुणी कुठल्या ओळीला लागायचं ते हातानं दाखवत होते. मी उत्साहानं विळा घेतला, बाह्या सरसावल्या, आणि ताईंच्या सगळ्यात चांगल्या खाचरात शिरलो. चार-पाच मुठी कापल्या असतील. एकीतल्या लोंब्या खाली गळाल्या, दुसरी मुळासकट वर आली, तिसरीला विळा माझ्या पँटीत अडकला.

ताई कंबरेवर हात ठेवून बघत होत्या.

"दादा, विळा द्या हिकडं."

"अहो, जमेल ताई."

"न्हाई जमत. बांधावर जाऊन बसा. तुमाला नुसती बघायची परवानगी. कापायची न्हाई."

आख्खं खाचर हसलं. बबनरावांना तर बऱ्याच दिवसांनी हसायला मिळालं होतं, ते पोट धरून खाली बसले. साहेबांनी उजवा हात वर केला आणि मला बाहेर यायची वाट करून दिली. मी विळा ताईंच्या हातात ठेवला, चिखलातून पाय काढत बांधावर आलो आणि तिथल्या झाडाच्या सावलीत टेकलो. इतक्या आनंदानं मी कुठलाच अधिकार कधी सोडला नव्हता.